जुनी मोटरहोम घेताना सजावट शेवटी बघा : खानदेशातल्या नव्या आणि परतलेल्या फिरस्त्यांसाठी

जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतली जाते ती सोफा, टीव्ही आणि छतातले रंगीत दिवे बघून. विकायची वेळ येते ती मात्र गळकं छत, टायर आणि कागदांमुळे. म्हणून बघण्याचा क्रम उलटा ठेवा : आधी कागद, मग गाडीची खालची बाजू, मग छत, मग वीज आणि पाणी, आणि सगळ्यात शेवटी आतली सजावट. सजावट जळगाव-धुळ्यातला चांगला सुतार सहज बदलून देतो. चुकीचं आरसी बुक कुठल्याच सुताराला दुरुस्त करता येत नाही.

मुलं लहान असताना टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये गाद्या टाकून फिरलेले बरेच जण आता निवृत्तीनंतर पुन्हा या वाटेला येतात. त्यांच्यासाठी मधल्या काळात तीन गोष्टी बदलल्या. 2020 च्या एप्रिलपासून नव्या डिझेल गाड्या बीएस-6 आल्या, त्यांत बहुतेक ठिकाणी डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाची) वेगळी टाकी आणि धुराचा फिल्टर असतो. 2021 पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला. आणि लिथियम बॅटरी आवाक्यात आली, त्यामुळे गाडीत वीज साठवण्याचा हिशेबच वेगळा झाला.

बाजारात काय काय मिळतं

पहिला प्रकार म्हणजे ट्रॅव्हलर किंवा विंगरवर रीतसर बांधलेली कॅराव्हॅन. दोघातिघांना पुरते, गल्लीत वळते, आणि एकूण वजन 7500 किलोच्या आत असल्याने हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालते. ट्रॅव्हलर पीथमपूरला बनते, म्हणजे धुळ्याहून आग्रा रोडने काही तासांवर. सुटे भाग आणि मिस्त्री दोन्ही मिळायला अडचण नाही. नवख्याने इथूनच सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रकार मुंबईकडून येणाऱ्या व्हॅनिटी व्हॅनचा, म्हणजे शूटिंगच्या जागी कलाकारांसाठी उभ्या असणाऱ्या गाड्यांचा. किलोमीटर कमी दिसतात, पण गाडी वर्षानुवर्षं एका जागी उभी राहून जनरेटरवर एसी चालवत असते. इथे किलोमीटर बघू नका, जनरेटरचे तास बघा. आत आरसे आणि मेकअपच्या खुर्च्या भरपूर असतात, झोपायची सोय नावाला असते. निवडणुकीनंतर विकायला निघणारे प्रचाररथही याच जातीचे. त्यांच्या छतावर माणसं उभी राहिलेली असतात, हे छत तपासताना लक्षात ठेवा.

तिसरा प्रकार मोठ्या लक्झरी बसची बनवलेली मोटरहोम. 12 मीटर लांबी, 2.6 मीटरपर्यंत रुंदी, मागे इंजिन, हवेचं सस्पेन्शन. महामार्गावर तिच्यासारखं सुख नाही. पण ती चालवायला जड वाहनाचा परवाना लागतो, टोल बसचा लागतो, तोरणमाळच्या वळणांवर ती अडते आणि गावातल्या रेल्वे पुलाखालून जाईलच याची खात्री नसते. घरासमोर उभी कुठे करणार, हा प्रश्न सौद्याआधी सोडवा. जळगावच्या कॉलनीतल्या 9 मीटरच्या रस्त्यावर ती वळत नाही.

कागद : इथे अडलं तर पुढे जाऊच नका

आरसी बुकात गाडीचा वर्ग आणि बॉडीचा प्रकार काय लिहिलाय ते आधी वाचा. मोटर कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन अशी नोंद हवी. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन कायद्याने बिगर-वाहतूक गटात येते. आत पलंग आणि ओटा, पण कागदावर अजून ‘बस’ असेल, तर तो बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे परवानगी घेऊन नोंदवलेला नाही असं धरा. अपघातानंतर विमा कंपनी पहिला आक्षेप इथेच घेते. कारखान्यात बांधलेल्या कॅराव्हॅनला एआयएस-124 या मानकाखाली मंजुरी असते. विक्रेत्याकडे त्याची प्रत मागा.

पिवळी पाटी असेल, म्हणजे गाडी भाड्याने फिरत होती, तर परमिट परत केल्याचा आणि कर पूर्ण भरल्याचा कागद लागतो. शिवाय तिचं पासिंग पहिली 8 वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावं लागतं. खाजगी नोंदणीला 15 वर्षांनी फेरनोंदणी येते. 14 वर्षांची गाडी स्वस्त का मिळतेय याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

दिल्लीहून येणाऱ्या गाड्यांबद्दल दोन शब्द जास्त. तिथे 10 वर्षांपुढच्या डिझेल गाड्या चालवायला 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मनाई केली, तेव्हापासून दिसायला चकाचक आणि भावाला हलक्या अशा गाड्या आग्रा रोडने खाली येऊ लागल्या. घ्यायला हरकत नाही. पण फॉर्म 28 वर तिथल्या कार्यालयाची एनओसी, पोलिसांचा अहवाल आणि महाराष्ट्रात भरावा लागणारा कर यांचा हिशेब आधी करा. कर किती बसेल हे एजंटाच्या तोंडी अंदाजावर सोडू नका. आपल्या आरटीओत, म्हणजे जळगावला 19, धुळ्याला 18, नंदुरबारला 39, आरसीची प्रत दाखवून आकडा काढून घ्या. बऱ्याच ‘स्वस्त’ गाड्या या आकड्यानंतर स्वस्त राहत नाहीत.

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचा क्रम, बँकेचा बोजा, विमा, पीयूसी आणि थकलेली चलनं बघा. बोजा असेल तर बँकेचं नाहरकत पत्र आणि सही केलेला फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चेसिस नंबर गाडीवर स्वतः शोधा, त्यावर कागद धरून पेन्सिल घासा आणि छाप आरसीशी एकेका अक्षराने जुळवा. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग दिसला तर चहा पिऊन परत या.

खालची बाजू

गाडी थंड असताना जायचं. आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवा, “भाऊ, आम्ही येईपर्यंत सेल्फ मारू नका.” पोचल्यावर बॉनेटवर किंवा मागच्या इंजिनावर हात ठेवून बघा. गरम लागलं तर इंजिन थंड असताना सुरू व्हायला ती त्रास देते, असं समजून पुढे चला. सुरू करताना मागे एक माणूस उभा करा. क्षणभर पांढरा धूर चालतो. गाडी तापल्यावरही निळा धूर येत असेल तर ऑइल जळतंय. काळा धूर जोर लावल्यावर थोडा येईल, सतत येत असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा तुंबलेला एअर फिल्टर. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा : वाफेसारखा दाबाने धूर बाहेर पडत असेल तर पिस्टन-रिंगचं काम जवळ आलंय. आणि सुरू करायच्या आधी, थंड इंजिनावरच, रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट बघा. तांबूस पाणी भरलेलं असेल तर मालकाने कूलंटचे पैसे वाचवलेत, आणखी काय काय वाचवलं असेल याचा अंदाज बांधा.

बीएस-6 गाडी महिनोन् महिने उभी असेल तर डीईएफच्या नळीच्या टोकाला पांढरे खडे दिसतात. आपल्याकडच्या उन्हात टाकीतलं जुनं डीईएफ खराब होतं, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडीची ताकद कमी होते. दिवा विझवून दाखवला म्हणजे दोष गेला असं नाही. स्कॅनर लावून जुने कोड वाचून घ्या.

टायरवर नक्षी भरपूर असते, कारण मोटरहोम चालतच नाही. इथेच नवखे फसतात. बाजूच्या भिंतीवर चार आकडी तारीख शोधा : 2318 म्हणजे 2018 सालातला 23 वा आठवडा. 6-7 वर्षांपुढचा टायर कितीही नवा दिसला तरी बदलायचा आहे असं धरून सहाच्या सहा टायरांचे पैसे किमतीतून वजा करा. भुसावळच्या मे महिन्यात उभ्या गाडीच्या टायरला उन्हाकडच्या बाजूने बारीक भेगा पडतात, त्या बोट फिरवल्यावर कळतात. मागच्या जोडीतला आतला टायर कुणी बघत नाही. तोच बघा.

पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतील तर तुटलेलं पान, सरकलेला सेंटर बोल्ट आणि झिजलेले बुश. हवेचं सस्पेन्शन असेल तर गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी बघायला मिळेल असं ठरवा. एक कोपरा खाली बसलेला असेल तर बेलो (हवेची रबरी पिशवी) किंवा वॉल्व्ह गळतोय. रबराच्या घडीत टॉर्च मारून चिरा शोधा. हवेच्या ब्रेकची परीक्षा अशी : टाकी पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि एक मिनिट काट्याकडे बघा. पाव बारपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. मग टाकीचा ड्रेन उघडा. थोडं पाणी येणं ठीक, तेलकट चिखल आला तर कंप्रेसर संपत आलाय.

खालून सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला असेल तर खूश होऊ नका. समुद्राकाठी राहिलेल्या गाडीचा गंज झाकायची ती सोपी रीत आहे. पायरीखाली, चाकांच्या वर आणि पाण्याच्या टाकीच्या पट्ट्यांवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. बद्द आवाज आला तिथे पत्रा गेलाय. बॉडीवर साधं लोहचुंबक फिरवलं की पुट्टी कुठे भरली तेही कळतं, फायबरची बॉडी सोडून.

यानंतर गाडी वजनकाट्यावर न्या. जिनिंग आणि मार्केट यार्डांमुळे खानदेशात काट्यांची कमी नाही. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. आरसीवरच्या एकूण वजनातून पूर्ण गाडीचं काट्यावरचं वजन वजा करा, उरेल ते तुमच्या वाट्याला. 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो. चार माणसं, गाद्या, भांडी, सिलिंडर, बॅटरी. कितीतरी ‘आलिशान’ गाड्यांत ग्रॅनाइटचा ओटा आणि जाड प्लायवुड घातल्यामुळे माणसं बसायच्या आधीच वजन संपलेलं असतं. अशा गाडीचे ब्रेक आणि टायर कायम जास्तीचं ओझं ओढतात, आणि त्यावर उपाय म्हणजे सगळं उचकटणं.

छत : सगळ्यात महाग दोष

जुनी मोटरहोम बघायला उत्तम महिने जुलै-ऑगस्ट. उन्हाळ्यात गेलात तर पावसाची सोय स्वतः करा. शिडी लावून वर चढा, पण फायबरच्या छतावर मधोमध पाय देऊ नका. एसीभोवती, व्हेंटभोवती, सोलरच्या पायांखाली आणि कडेच्या पट्टीवर कसलं सील लावलंय ते बघा. थरावर थर सिलिकॉन फासलेलं दिसलं तर ते छत गळत आलंय. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही, त्यामुळे दरवर्षी नवा थर बसतो आणि पाणी खालून वाट काढतं. योग्य काम म्हणजे सगळं खरवडून, पुसून, खाली ब्यूटिल टेप आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट.

मग पाइपने पाणी सोडा. आधी खिडक्यांवर, मग कडेवर, शेवटी छतावर, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर कुठून गळलं ते कळणार नाही. आत वरच्या कपाटांचे कोपरे, एसीची चौकट आणि पलंगाखालचा प्लाय हाताने चाचपा. अंगठ्याने दाबल्यावर प्लाय दबला तर आतली फळी कुजलीय. नवं वॉलपेपर एकाच कोपऱ्यात असेल तर तो कोपरा जास्त वेळ बघा. अगरबत्ती किंवा जास्तीचा एअर फ्रेशनर लावलेला असेल तर दारं दोन तास बंद ठेवून पुन्हा वास घ्या.

एसी आणि वीज

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, त्यामुळे एसीची परीक्षा दुपारी दोन-तीनला, उन्हात, अर्धा तास. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत 8 ते 12 अंशांचा फरक पडला पाहिजे. तेवढा पडूनही आत गारवा येत नसेल तर दोष एसीचा नाही, छत आणि भिंतीतल्या इन्सुलेशनचा. आतून छताला हात लावा. तव्यासारखं तापलं असेल तर मध्ये काहीच घातलेलं नाही.

आता हिशेब. एक टनाचा एसी सरासरी 900-1000 वॅट धरला तरी रात्रीच्या आठ तासांना 7-8 युनिट लागतात. 150 एएचची (अँपिअर-तासांची) साधी ट्यूब्युलर बॅटरी कागदावर 1.8 युनिट देते, टिकवायची तर निम्मीच वापरायची. 200 एएचची लिथियम साधारण 2.2 युनिट देते. म्हणजे “बॅटरीवर रात्रभर एसी चालतो” असं विक्रेता म्हणाला तर त्याला बॅटऱ्या मोजून दाखवायला सांगा. एसीसाठी बाहेरची वीज किंवा जनरेटरच लागतो. पंखे, दिवे, छोटा 12 व्होल्टचा फ्रिज आणि मोबाइल यांना मात्र दिवसाला एक ते दीड युनिट पुरतं, आणि 400 वॅटचं सोलर तेवढं देतं. पॅनल छताला चिकटवलेलं नको, खाली चार-पाच सेंटिमीटर हवा खेळली पाहिजे. तापलेलं पॅनल कमी वीज देतं.

साधी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधल्या ॲसिडची घनता मोजा. पूर्ण चार्ज असताना 1.265 च्या आसपास यावं. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा 0.05 ने खाली असेल तर ती बॅटरी बाद. उष्णता बॅटरी खाते, म्हणून ती मागच्या इंजिनाशेजारी कोंबलेली असेल तर जागा बदलायचा खर्च धरा. वायरिंग उघडून बघाच. घरातली एकतारी वायर गाडीच्या धक्क्यांनी आतून तुटते, गाडीत बहुतारी लवचिक वायरच हवी. 2000 वॅटचा इन्व्हर्टर 12 व्होल्टवर जवळपास 200 अँपिअर ओढतो. त्याला करंगळीएवढी केबल आणि बॅटरीलगत फ्यूज नसेल तर आगीचं कारण तिथेच आहे.

बाहेरच्या विजेचं कनेक्शन 16 अँपिअरचं, मागे 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की बंद पाडणारा स्विच) आणि एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच). केबल 2.5 चौरस मिमीची तीनतारी, वापरताना पूर्ण उलगडलेली. गुंडाळी तशीच ठेवून एसी लावला तर ती वितळते. मळ्यात मुक्काम असेल तर विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीतून वीज घेऊ नका. तिथे तीन फेज असतात, वायरमन चुकून दोन फेज जोडून देतो आणि 230 च्या जागी 415 व्होल्ट येऊन आतलं सगळं जळतं. आधी मल्टिमीटरने मोजा, मगच पिन लावा. व्होल्टेज 180 च्या खाली असेल तर एसी बंद ठेवा, कंप्रेसर त्यानेच जातो.

जनरेटरचा धूर आत येतो का ते वारा उलटा असतानाही बघा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पलंगाच्या उंचीवर बसवल्याशिवाय जनरेटर चालू ठेवून झोपायचं नाही.

पाणी, संडास, गॅस

पंप चालू करा, नळ उघडून बंद करा. पंप थांबला पाहिजे. नळ बंद असताना अधूनमधून तो आपोआप टुकटुक करत असेल तर कुठेतरी जोड गळतोय. दुरुस्ती अवघड नाही, जळगावसारख्या पाइपांच्या गावात फिटिंग कमी पडत नाही. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यामुळे गिझरची कॉइल काढून क्षार बघा. टाकी शुद्ध करायला दर 100 लिटरला 5 टक्क्यांचं साधं ब्लीच 100 मिली, सगळ्या नळांतून वास येईपर्यंत सोडायचं, चार तास ठेवायचं आणि दोनदा धुवायचं.

संडासाची टाकी रिकामी करायची खास सोय आपल्याकडे वाटेवर मिळत नाही. म्हणून सुटी काढता येणारी 18-20 लिटरची कॅसेट सगळ्यात सोयीची, ती धर्मशाळेच्या किंवा पंपावरच्या संडासात विचारून ओतता येते. बसवलेली मोठी टाकी असेल तर तिचा वॉल्व्ह पाणी भरून तपासा. आणि तापीच्या पात्रात किंवा शेताच्या बांधावर ओतायचा विचार मनातही आणू नका.

गॅससाठी 5 किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. त्याचं कपाट बाहेरून उघडणारं आणि तळाशी जाळी असलेलं हवं, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला की खाली साठतो. नळीवरची तारीख बघा, पाच वर्षांनी ती बदलायची असते. जोडांवर साबणाचं पाणी लावा. बाकी फोडणी आणि वांग्याचं भरीत हे बाहेर, छत्रीखाली. हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा खाट बंद गाडीत दोन दिवस जात नाही.

चालवून बघणं आणि सौदा

किमान 60-70 किलोमीटर, एसी चालू ठेवून. धुळ्याकडची गाडी असेल तर लळिंगचा घाट, वेळ असेल तर शिरपूरच्या पुढे बिजासनपर्यंत. चढताना तापमानाचा काटा मधोमध राहिला पाहिजे. उतरताना चढलेल्या गिअरमध्येच उतरा, एक्झॉस्ट ब्रेक काम करतो का बघा, आणि खाली आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय. चाळीसगावकडून कन्नड घाटात जायचं असेल तर तुमच्या वजनाच्या गाडीला परवानगी आहे का ते आधी विचारा, तिथे जड वाहनांवर बंदी आलेली आहे. चालत्या गाडीत पलंगावर कुणी झोपायचं नाही. पट्टे असलेल्या जागा मोजा, तेवढीच माणसं.

सापडलेल्या दोषांचं कोटेशन टायरवाला, बॉडीवाला आणि इलेक्ट्रिशियन यांच्याकडून लेखी घ्या आणि तोच कागद समोर ठेवून भाव करा. विसार देताना लिहून घ्या : कागदात अडचण निघाली तर विसार परत. ताबा घेताना मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत, परराज्यात 45 दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा. विमा नावावर करायला 14 दिवस आहेत. आतल्या वस्तूंची किंमतही त्यात वेगळी नोंदवून घ्या. जुन्या मालकाचा फास्टॅग काढून नवा लावा.

पहिला मुक्काम घरापासून 50 किलोमीटरच्या आत. प्रकाशाचा किंवा चांगदेवचा संगम, पाटणादेवी, हिवाळ्यात सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा. मुक्कामाला परवानगी विचारून, सपाट जागा बघून, बाहेर अंथरायला जळगावची चटई. या मुक्कामात सगळं एकदा तरी वापरा, गिझरसुद्धा, आणि काय बिघडलं ते वहीत लिहा. नवे टायर बसवले असतील तर निघाल्यावर पहिल्या 50-100 किलोमीटरला थांबून चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा.